लग्नाचा बायोडाटा ग्रुपवर टाकण्याआधी

तुळशीचं लग्न लागलं की वधू-वर ग्रुपांना जाग येते. मावशी, आत्या, शेजारच्या काकू, मंडळातले अण्णा असे चारजण एकेका ग्रुपवर बायोडाटा टाकतात, तिथून तो पुढे सरकतो, आणि आठवडाभरात मुलीचं नाव, जन्मवेळ, पगार, राहता पत्ता आणि तीन फोटो कुणाच्याही ओळखीच्या नसलेल्या माणसांच्या फोनमध्ये जाऊन बसतात. फेसबुकवर जन्मतारीख लपवणारी, इन्स्टाग्रामचं खातं प्रायव्हेट ठेवणारी मुलंमुलीसुद्धा बायोडाट्यात सगळं एका पानावर देऊन टाकतात, कारण तो घरच्यांनी बनवलेला असतो आणि सगळे तसाच बनवतात.

बायोडाटा फिरवायचाच नाही, असं इथे म्हणणं नाही. स्थळं ओळखीतूनच येतात आणि त्यासाठी कागद चार घरी जावाच लागतो. पण एकच कागद सगळ्यांना द्यायचा नाही. दोन प्रती करायच्या. एक फिरती, ग्रुपवर टाकायची. दुसरी पूर्ण, दोन्ही घरांचं बोलणं झाल्यावर एकाच घराला द्यायची.

कोणत्या ओळीतून काय उघडतं

नेहमीचा बायोडाटा समोर घ्या आणि एकेक ओळ बघा.

जन्मतारीख. डाउनलोड केलेल्या ई-आधारच्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये आणि त्यापुढे जन्मसाल. अनेक बँकांच्या ईमेलवर येणाऱ्या स्टेटमेंटचा पासवर्डही नावाची चार अक्षरं आणि जन्माचा दिवस-महिना अशाच घडणीचा असतो. झेरॉक्सच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर किंवा एजंटला केलेल्या जुन्या मेलमध्ये अशी पीडीएफ पडून राहिलेली असते. कुलूप दुकानदाराकडे किंवा एजंटकडे आधीच असतं, बायोडाटा किल्ली पोचवतो. वय लिहिलं तरी साल दोन-तीन प्रयत्नांत काढता येतं, म्हणून ई-आधारची पीडीएफ कुणाला पाठवूच नये. आधार द्यावंच लागलं तर शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार द्यावं.

मामांची ओळ. 'मामा : अमुक आडनाव, अमुक गाव.' यातून आईचं माहेरचं आडनाव सरळ मिळतं. जुन्या ईमेल खात्यांना आणि बँकेच्या फोनवरच्या चौकशीला वर्षानुवर्षं हाच सुरक्षा-प्रश्न असायचा, अजूनही कित्येक ठिकाणी आहे. अशा खात्यांतलं उत्तर आजच बदला. खरं आडनाव द्यायची सक्ती नसते. 'निळीछत्री' असं काहीही चालतं, फक्त ते वहीत लिहून ठेवा.

शेती आणि स्थावर. 'गावी पाच एकर बागायत' आणि त्याखाली गाव, तालुका, वडिलांचं पूर्ण नाव. राज्याच्या भूमी अभिलेख खात्याच्या संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव निवडून नावावरून सातबारा शोधता येतो. तो पाहायला पैसे लागत नाहीत. गट नंबर, क्षेत्र, सहखातेदार, बोजा, सगळं दिसतं. मतदार यादीत वय आणि घर क्रमांक मिळतो. या नोंदी सार्वजनिक असण्यात गैर काही नाही. पण नाव आणि गाव जोडून मिळालं की अनोळखी माणसाला घराची आर्थिक कुंडली घरबसल्या मांडता येते.

नोकरीच्या ओळीत कंपनी, शाखा आणि पगार असतो. पत्त्याच्या ओळीत सोसायटी, विंग, फ्लॅट क्रमांक. दोन्ही मिळून मुलगी सकाळी कुठून निघते आणि कुठे पोचते, ते कळतं. भावंडांच्या ओळीत लहान भावाचं नाव आणि कॉलेज असतं, त्याला कुणी विचारलेलंही नसतं. सगळ्यात खाली मोबाईल नंबर, बहुतेकदा वडिलांचा, आणि तोच बँकेला, आधारला आणि यूपीआयला जोडलेला.

यातली एकेक गोष्ट निरुपद्रवी वाटते. बिघडतं ते ती एकत्र आल्यावर. फोनवरचा माणूस 'नमस्कार काकू, मुलीचे मामा वाळव्याचे ना? मुलगी बाणेरला कामाला आहे, मूळ नक्षत्र' असं बोलायला लागला, की काकूंना तो पाहुण्यातलाच वाटतो. मग तो 'पत्रिका पाठवतो, उघडून बघा' म्हणून एक फाईल पाठवतो. नावाच्या शेवटी डॉट एपीके असेल तर ती पत्रिका नाही, अॅप आहे. ते बसवून एसएमएस वाचायची परवानगी दिली की ओटीपी परस्पर तिकडे जातात. पत्रिका, फोटो किंवा लग्नाचं आमंत्रण कधीही एपीके नसतं.

गुणमेलनासाठी तारीख लागत नाही

'जन्मतारीख, वेळ नसेल तर पत्रिका कशी बघणार?' हा पहिला आक्षेप घरातूनच येतो, आणि त्याचं उत्तर ज्योतिषातच आहे. छत्तीस गुणांचं मेलन वर्ण, वश्य, तारा, योनी, ग्रहमैत्री, गण, भकूट आणि नाडी या आठ कूटांवर चालतं. ही आठही चंद्राच्या राशी-नक्षत्रावरून निघतात. म्हणजे फिरत्या प्रतीत रास, नक्षत्र आणि चरण एवढं दिलं की गुरुजी किंवा पंचांग पाहणारं कुणीही गुण जुळवू शकतं. मंगळ आहे की नाही, हे एका शब्दात लिहा. नक्षत्रावरून जन्मसाल सापडत नाही, कारण चंद्र दर महिन्याला सगळी नक्षत्रं फिरून येतो. पूर्ण कुंडली हवीच असं म्हणणाऱ्या घराला ती दुसऱ्या प्रतीबरोबर मिळेल.

गोत्र, देवक, कुलदैवतही चालतं. त्यामुळे 'देवक एकच निघालं' म्हणून पुढे अडत नाही आणि मामांची नावं-गावं पहिल्याच दिवशी द्यावी लागत नाहीत. काही समाजांत पाहुण्यांची आडनावं बघितल्याशिवाय कुणी फोन उचलत नाही. तिथे नुसती आडनावं एका ओळीत द्या, कोण मामाकडचं आणि कोण आत्याकडचं ते न सांगता.

फिरती प्रत

एवढं पुरे होतं :

मुलीचं पहिलं नाव आणि आडनाव (मधलं नाव नको)
वय आणि उंची
रास, नक्षत्र, चरण, मंगळ. गोत्र किंवा देवक
शिक्षण : पदवी आणि शाखा, कॉलेजचं नाव नको
नोकरी : 'पुण्यात आयटी क्षेत्रात' किंवा 'नाशिकला शिक्षिका'
उत्पन्न : पल्ला, उदा. ८ ते १० लाख
कुटुंब : वडील निवृत्त, आई गृहिणी, एक भाऊ शिकतो
राहणार : शहर, मूळ : तालुका, जिल्हा
अपेक्षा
संपर्क : वेगळा नंबर, नात्यासह, उदा. 'मुलीचे काका'

रक्तगट, त्वचेचा रंग, भावंडांची नावं, घर स्वतःचं की भाड्याचं, गाडी कोणती, हे फिरत्या प्रतीत नको. मुलाच्या बायोडाट्यालाही हेच लागू आहे. पैशाच्या फसवणुकीत मुलांची घरंही अडकतात, आणि ती बोलत नाहीत म्हणून कमी वाटतात.

फाईल बनवताना एक चूक हमखास होते. जुनाच बायोडाटा घेऊन त्यातल्या नको त्या ओळींवर काळा चौकोन ठेवतात आणि पीडीएफ करतात. त्या चौकोनाखाली मजकूर तसाच असतो. निवडून कॉपी केला की बाहेर येतो. फोनवरच्या हायलायटर पेनाने खोडलेलं तर उजेड वाढवला तरी वाचता येतं. म्हणून ओळ झाकू नका, मूळ फाईलमधून पुसा आणि नवी पीडीएफ काढा. मोबाईलवरची फुकट 'बायोडाटा मेकर' अॅप टाळलेलीच बरी, कारण भरलेली माहिती कुठे साठते ते कळत नाही. घेतलंच तर कॉन्टॅक्ट्सची परवानगी मागणारं नको. वर्ड किंवा गुगल डॉक्समध्ये हे वीस मिनिटांचं काम आहे.

फोटो

फिरत्या प्रतीला एक फोटो, तोही कुठेही न टाकलेला. हा नियम सगळ्यात जास्त मोडला जातो. इन्स्टाग्रामवरचाच साडीतला छान फोटो बायोडाट्याला लावला, की गुगल लेन्समध्ये, म्हणजे फोटोवरून शोध घेणाऱ्या साधनात, तो टाकून कुणीही मुलीच्या खात्यापर्यंत पोचण्याची शक्यता असते, विशेषतः खातं किंवा मैत्रिणीची पोस्ट सार्वजनिक असेल तर. बायोडाटा बाहेर जाण्याआधी तो फोटो स्वतः लेन्समध्ये टाकून बघा. काहीच सापडलं नाही तर वापरा.

मागची पार्श्वभूमी साधी भिंत असू द्या. सोसायटीची पाटी, गाडीचा नंबर, ऑफिसचं ओळखपत्र, दारावरची नावाची पाटी चौकटीत येऊ देऊ नका. फोटोची लांब बाजू ८०० ते १००० पिक्सेलपर्यंत लहान करा. फोनच्या पडद्यावर चेहरा नीट दिसायला एवढं पुरतं, आणि मोठ्या मूळ फोटोपेक्षा त्याचा दुरुपयोग करणं अवघड जातं. खांद्यापासून कमरेपर्यंत तिरकी, फिकट अक्षरं टाका : 'फक्त विवाहासाठी, डिसेंबर' अशी. कोपऱ्यात टाकलेली खूण कापून टाकता येते, अंगावरून गेलेली काढायला मेहनत पडते. हल्लीच्या साधनांनी तीही पुसता येते हे खरं आहे, तरीही खूण घाला. आळशी माणूस खूण नसलेला फोटो उचलतो.

फोनच्या कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश साठलेले असू शकतात. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद करा. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवला की ही माहिती गळून जाते, पण 'क्वालिटी जाऊ नये' म्हणून डॉक्युमेंट करून पाठवला की सगळी तशीच जाते. पीडीएफमध्ये घातलेला मोठा फोटोही बाहेर काढता येतो, म्हणून आधी लहान करायचा आणि मग पीडीएफमध्ये घालायचा.

नंबर

एक वेगळं सिम घ्या, घरातल्याच कुणाच्या नावावर. ते बँकेला, आधारला, यूपीआयला जोडू नका. जोडलेला नंबर कुणीही यूपीआय अॅपमध्ये टाकला की खातेदाराचं नाव दिसतं, आणि बायोडाट्यात 'मुलीचे काका' लिहून काही उपयोग होत नाही. दोन सिमच्या अँड्रॉइड फोनवर व्हॉट्सअॅपची दोन खाती चालतात, त्यामुळे दुसरा फोन लागत नाही.

त्या नव्या खात्यात चार गोष्टी लगेच करा. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीत जाऊन प्रोफाइल फोटो, अबाउट आणि लास्ट सीन 'माय कॉन्टॅक्ट्स'वर आणा. ग्रुप्समध्ये कोण घालू शकतं तेही 'माय कॉन्टॅक्ट्स' करा, नाहीतर अनोळखी गुंतवणूक ग्रुपांत तुमचा नंबर घातला जाईल. अकाउंटमध्ये टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून सहा आकडी पिन ठेवा. आणि लिंक्ड डिव्हाइसेस आठवड्यातून एकदा उघडून बघा. तिथे ओळखीचं नसलेलं काही दिसलं तर त्यावर दाबून लॉग आउट करा.

'ग्रुपमध्ये घ्यायला तुम्हाला कोड आलाय, तो सांगा' असा निरोप आला, तर तो ग्रुपचा कोड नसतो, तुमचं खातं दुसऱ्या फोनवर उघडायचा कोड असतो. तो निरोप ओळखीच्या बाईंच्या नंबरावरून आला तरी देऊ नका, कारण बहुधा त्यांचंच खातं आधी गेलेलं असतं. कोड दिलाच गेला तर लगेच आपल्या फोनवर त्याच नंबराने पुन्हा नोंदणी करा. एसएमएसचा कोड टाकताच समोरचा बाहेर पडतो. त्याने मध्ये स्वतःचा पिन लावला असेल तर तुम्हाला सात दिवस थांबावं लागतं, पण तेवढ्यात त्यालाही तुमचं खातं वापरता येत नाही.

ग्रुप निवडताना

एका व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये १०२४ माणसं मावतात. अॅडमिन ओळखीचा असला तरी उरलेली हजार माणसं तो ओळखत नाही. आत शिरण्याची लिंक उघड्यावर फिरत असेल तर त्या ग्रुपवर काही टाकू नका. फेसबुकवर ग्रुप 'पब्लिक' आहे की 'प्रायव्हेट', ते ग्रुपच्या नावाखालीच लिहिलेलं असतं. पब्लिक ग्रुपवरची पोस्ट फेसबुकबाहेरही दिसू शकते. वधू-वर संकेतस्थळावर फोटो आणि नंबर 'विनंती स्वीकारल्यावरच' दिसेल असा पर्याय शोधून तो लावा. केंद्र सरकारने २०१६ साली अशा संकेतस्थळांसाठी सूचना काढून सदस्यांच्या ओळखीची खातरजमा करायला सांगितलं आहे, तरी 'व्हेरिफाइड' खुणेचा अर्थ बहुतेक ठिकाणी नंबर किंवा ओळखपत्र तपासलं, एवढाच असतो. पगार आणि अविवाहित असणं त्यात येत नाही.

आता एक छोटी युक्ती, जिचा फार उपयोग होतो. प्रत्येक ग्रुपसाठी बायोडाट्याच्या तळाशी वेगळी खूण ठेवा : एकात पूर्णविराम जास्त, एकात 'प्र. ३', एकात अपेक्षांच्या ओळीतला एक शब्द वेगळा. वहीत लिहा : तारीख, कुणाला, कोणती खूण. पुढे कागद भलत्याच हाती सापडला तर तो कुठून गेला, हे तुम्हाला सांगता येईल आणि पोलिसांनाही. ग्रुपवर टाकताना 'कृपया पुढे पाठवण्याआधी विचारा' असं लिहा. सगळे ऐकणार नाहीत, काही ऐकतील. 'डिलीट फॉर एव्हरीवन' सुमारे अडीच दिवसच चालतं आणि तोवर सेव्ह केलेल्या किंवा पुढे गेलेल्या प्रती त्याने पुसल्या जात नाहीत.

पूर्ण प्रत कधी द्यायची

समोरच्या घराशी मोठ्यांचं बोलणं, दोन्ही घरांना ओळखणाऱ्या एका पाहुण्याकडून खात्री, आणि मुलामुलीचा दहा मिनिटांचा व्हिडिओ कॉल : तिन्ही झाल्यावर. व्हिडिओ कॉल सतत टाळणारा, 'कॅमेरा बिघडला' म्हणणारा मुलगा पुढे नेऊ नका. कॉल घरच्यांच्या समोर, दिवसा. रात्री एकटीने घेतलेल्या अनोळखी व्हिडिओ कॉलचं रेकॉर्डिंग करून पैसे उकळणारे असतात. नोकरीची खात्री मुलाने दिलेल्या नंबरावर करू नका; कंपनीचा नंबर स्वतः शोधून लावा.

दोन ठिकाणी लगेच थांबा. ओळख वाढल्यावर 'मी ट्रेडिंगमधून कमावतो, तूही थोडे टाक' हे एक. सुरुवातीला छोटा नफा काढून देतात, मोठी रक्कम टाकली की ती निघत नाही. दुसरं, परदेशातला मुलगा भेटवस्तू पाठवतो किंवा स्वतः निघतो आणि मग 'दिल्ली विमानतळावर कस्टम्सने अडवलंय, एवढे भरा' असा फोन येतो. कस्टम्स शुल्क कुणाच्या खासगी खात्यावर घेत नाही, आणि त्यांच्या पत्रावर तपासून बघता येईल असा ओळख क्रमांक असतो.

गडबड झाली तर

पैसे गेले असतील तर आधी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन, मग बाकी सगळं. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात झपाट्याने पळवले जातात, मधल्या एखाद्या खात्यात अडवता आले तरच परत येतात. फोन लावताना रक्कम, वेळ आणि यूपीआयचा बारा आकडी व्यवहार क्रमांक हाताशी ठेवा. नंतर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार नोंदवा.

मुलीच्या फोटोने खोटं प्रोफाइल निघालं तर चिडून त्याला मेसेज करू नका, तो तुम्हाला ब्लॉक करून टाकेल. आधी त्या प्रोफाइलची लिंक कॉपी करा, नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही, कारण नाव बदलता येतं. मग स्क्रीनशॉट, तारीख-वेळेसह. मग तीन टिंबांतून रिपोर्ट, आणि नातेवाइकांकडूनही रिपोर्ट. दुसऱ्याची ओळख चोरून वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ सी खाली गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते, 'आमच्या हद्दीत नाही' म्हणाले तर शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवायला सांगा. प्लॅटफॉर्मच्या तक्रार अधिकाऱ्याने दाद दिली नाही, तर त्याच्या उत्तरापासून तीस दिवसांत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन जाता येतं.

खासगी फोटो पसरवण्याची धमकी आली तर एक रुपयाही देऊ नका. दिला की मागणी वाढते. चॅट पुसू नका. स्टॉपएनसीआयआय डॉट ऑर्ग या सेवेत फोटो तुमच्या फोनवरच राहतो, त्याचा फक्त आकडी ठसा सहभागी प्लॅटफॉर्मना जातो आणि ते जुळणारा फोटो अडवतात. ती अठरा वर्षांवरच्यांसाठी आहे. आणि मुलीला, मुलाला घरात आधी हे सांगा की यात तुझी चूक नाही. हे ऐकू न आल्यामुळे मुलं गप्प राहतात आणि पैसे देत राहतात.

सुपारी फुटल्यावर

वही काढा. ज्या ज्या ग्रुपची नोंद आहे तिथे टाका : 'आमच्या मुलीचं लग्न ठरलं आहे. बायोडाटा आणि फोटो कृपया फोनमधून काढून टाकावेत, पुढे पाठवू नयेत.' ज्यांनी पुढे पाठवला होता त्या मावशी-काकांना वेगळा फोन करा, त्यांच्या गॅलरीत तो असतोच. संकेतस्थळावर प्रोफाइल नुसतं 'हाइड' करू नका, 'डिलीट' करा आणि माहिती पुसल्याचं ईमेल मागा. महिन्याभराने तो फोटो पुन्हा एकदा गुगल लेन्समध्ये टाकून बघा. वेगळं सिम मात्र आणखी सहा महिने रिचार्ज करून चालू ठेवा, म्हणजे उशिरा येणारे फोन त्यावरच येतील. बंद करण्याआधी त्यावरचं व्हॉट्सअॅप खातं सेटिंग्जमधून डिलीट करा, कारण बंद झालेला नंबर काही महिन्यांनी दुसऱ्या कुणाला दिला जातो.